थंडीत तुम्ही नेमके काय घेता?

मार्गशीर्ष लागला आणि पहाटेच्या हवेला धार आली की ओळखीचे लोक मला एक प्रश्न हमखास विचारतात : "थंडीत तुम्ही नेमके काय घेता?" विचारणाऱ्याला एखाद्या चूर्णाचे किंवा अवलेहाचे नाव हवे असते, हे मला ठाऊक आहे. "सकाळी आठच्या आत पोटभर जेवते," असे मी सांगते, तेव्हा बहुतेकांना मी उत्तर टाळते आहे असे वाटते. तुम्ही पुन्हा विचारलेत, म्हणून या वेळी सविस्तर लिहिते.

आम्ही नाशिकचे. इथली थंडी कोरडी असते आणि शेजारच्या निफाडात तर पारा इतका उतरतो की द्राक्षांचे घड वाचवण्यासाठी शेतकरी पहाटे बागांमध्ये शेकोट्या पेटवतात. नोकरीच्या दिवसांत अशा थंडीत मी सकाळी दोन कप चहा आणि दोन बिस्किटांवर घराबाहेर पडत असे आणि पहिला घास दुपारी एक वाजता खात असे. पौष येईपर्यंत पोटऱ्यांची त्वचा पांढरी पडून खाजू लागे, टाचांना भेगा पडत, जिना उतरताना गुडघे कटकट वाजत आणि पोट साफ होत नसे. मी त्यावर मलमे लावत होते. एका वर्षी आमच्या भागातल्या वृद्ध वैद्यांकडे गेले, तेव्हा त्यांनी औषध देण्याआधी एवढेच विचारले, "सकाळी उठल्यावर तुम्हाला भूक लागते का, आणि लागली तर तिचे तुम्ही काय करता?" भूक लागत होती. मी ती चहाने मारत होते.

वाग्भटांच्या अष्टांगहृदय या जुन्या आयुर्वेद ग्रंथात सूत्रस्थान या विभागाचा तिसरा अध्याय ऋतुचर्येचा, म्हणजे ऋतूप्रमाणे कसे खावे-वागावे याचा, आहे आणि त्यात हेमंताविषयी, म्हणजे मार्गशीर्ष-पौषाच्या थंडीविषयी, जे सांगितले आहे, ते वैद्यांनी मला त्या दिवशी साध्या शब्दांत समजावले. बाहेरच्या गारठ्याने शरीरातील उष्णता आत कोंडली जाते आणि त्यामुळे या ऋतूत जठराग्नी, म्हणजे पचनाची शक्ती, वर्षभरातला सर्वांत बलवान होतो. अशा अग्नीला पुरेसे इंधन मिळाले नाही, तर वायूच्या साहाय्याने तो शरीरातील धातूच, म्हणजे रक्त-मांसासारखे देहाचे घटकच, पचवू लागतो. म्हणून या दिवसांत गोड, आंबट आणि खारट चवीचे व स्निग्ध, म्हणजे तूप-तेलाचे, अन्न घ्यावे. रात्री मोठ्या असल्याने माणूस पहाटेच भुकेला होतो, हेही त्या अध्यायात स्पष्ट सांगितले आहे. रात्रीचे जेवण आठला झाले आणि दुसरा घास दुपारी एकला घेतला, तर मधले तास सतरा होतात. माझी कोरडी त्वचा आणि वाजणारे गुडघे हा त्या सतरा तासांचा हिशेब होता, असे मला आज वाटते.

तेव्हापासून हिवाळ्यात माझे सकाळचे खाणे हेच मुख्य जेवण झाले आहे. तीळ लावलेली बाजरीची गरम भाकरी, तिच्यावर लोण्याचा गोळा, एखादी रसभाजी आणि उडदाचे घुटे किंवा लसणाची चटणी, असे ते असते. आपल्याकडे संक्रांतीच्या आदल्या दिवशी भोगीला घेवडा, वांगी, गाजर, हरभरा, बोरे आणि तिळाचे कूट घालून मिसळीची भाजी करतात, तिच्यासोबत भाकरी आणि लोणी असते, आणि "न खाई भोगी तो सदा रोगी" असे आपल्या आज्या बजावत असत. त्यांनी संस्कृत ग्रंथ वाचला नसेल, पण ऋतुचर्या त्यांच्या परातीत होती.

डिंकाच्या लाडवाविषयी मात्र जरा थांबून सांगायला हवे, कारण सर्वांत जास्त चुका तिथेच होतात. डिंक आधी दोन दिवस उन्हात वाळवावा आणि मग मंद आचेवर, भरपूर तुपात, एका वेळी मूठभरच तळावा. खडा लाहीसारखा फुलून पांढरा झाला पाहिजे. फुललेला एक खडा बोटांनी चुरडून पाहावा. मध्यभागी काचेसारखा कण लागला, तर तो आत कच्चा राहिला आहे असे समजावे, कारण तोच पुढे दातांना चिकटतो आणि पोटात जड पडतो. खारकेची पूड, भाजलेले सुके खोबरे, खसखस आणि गोडंबी घालून गुळाच्या पाकात वळलेला हा लाडू लिंबाएवढाच असावा आणि सकाळी भूक लागल्यावर एकच खावा. जेवणानंतर गोड म्हणून किंवा रात्री दूरदर्शनसमोर बसून खाण्याचा हा पदार्थ नव्हे. ज्यांना मधुमेह आहे, त्यांनी गुळाच्या पदार्थांविषयी आपल्या डॉक्टरांचेच ऐकावे.

दुसरी गोष्ट तेलाची. आपण वर्षातून एकदा नरक चतुर्दशीला अभ्यंगस्नान करतो आणि तिथेच थांबतो, याचे मला फार वाईट वाटते, कारण तो दिवस थंडीच्या तोंडावर येतो आणि खरे तर तिथून सुरुवात करायची असते. मी पितळेच्या वाटीत तीळतेल घेऊन ती वाटी गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवते. रोज सर्वांगाला वेळ मिळाला नाही तरी डोके, कान आणि तळपाय चुकवत नाही, कारण या तीन जागी विशेष करून तेल लावावे असे ग्रंथातच म्हटले आहे. पंधरा-वीस मिनिटांनी मसुराच्या पिठाने तेल काढते. कढत पाणी मानेखाली घ्यावे, डोक्यावर घेऊ नये, कारण त्याने केस आणि डोळे यांचे बळ कमी होते असे आयुर्वेद मानतो. सर्दी-कफ झाला असेल किंवा आदल्या दिवशीचे अन्न पचले नसेल, तर त्या दिवशी तेल लावत नाही. आणि न्हाणीघराच्या फरशीवर तेल सांडते, तेव्हा तिथे गोणपाट अंथरायला विसरू नका.

मात्र हे सर्व स्निग्ध खाणे अंग हलवणाऱ्यालाच मानवते. थंडीत निम्म्या शक्तीने व्यायाम करावा, म्हणजे कपाळावर आणि काखेत घाम येऊन तोंडाने श्वास घ्यावा लागला की थांबावे, असे वैद्यांनी मला सांगितले होते. मी त्यासाठी कोवळ्या उन्हात वेगाने चालते. मुंबईत राहणाऱ्या माझ्या भाचीने माझे पाहून तितकेच तूप आणि तितकेच लाडू सुरू केले, तेव्हा पंधरा दिवसांत तिचे पोट जड राहू लागले. मुंबईत पंखा लावून झोपणाऱ्याच्या शरीराला निफाडची थंडी लागत नाही. तिथे दिनदर्शिकेपेक्षा आपली भूक पाहूनच प्रमाण ठरवले पाहिजे.

माझी स्वतःची एक चूक सांगते. ज्या वर्षी हे सर्व प्रथम मानवले, त्या वर्षी आनंदाच्या भरात मी लाडू थेट चैत्रापर्यंत चालू ठेवले. पाडव्यानंतर तोंडाची चव गेली, घशात कफ दाटला आणि खोकला तीन आठवडे हटला नाही. शिशिरात साठलेला कफ वसंतातल्या उन्हाने वितळतो आणि अग्नीलाच मंद करतो. वैद्यांनी हे सांगितले आणि शांतपणे विचारले, "डबा अजून रिकामा झाला नाही का?" तेव्हापासून फाल्गुनाचा शेवटचा आणि चैत्राचा पहिला आठवडा मी ऋतुसंधी, म्हणजे दोन ऋतूंमधला सांधा, म्हणून पाळते आणि त्या पंधरवड्यात लोणी, उडीद व गूळ थोडे थोडे कमी करत ज्वारी, मूग आणि मध यांकडे वळते. होळी झाली की लाडवांचा डबा घासून उन्हात पालथा घालते, आणि पाडव्याच्या सकाळी कडुनिंबाची कोवळी पाने ओवा-गुळासोबत वाटून घेते, तेव्हा तो डबा माळ्यावर गेलेला असतो.