क्वीन्समधला गळका रेडिएटर

न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातली १९२० च्या दशकातली इमारत. खालच्या घराच्या छतावर तांबूस डाग पडलेला, त्यामुळे वरच्या खोलीतला, वाफेने खोली तापवणारा बिडाचा रेडिएटर तडकला असणार, असं सगळ्यांनी ठरवूनच टाकलं होतं. मला पटेना. बीड सहसा फुटत नाही, गळतो तो सांधा.

थंड असताना कुठेही ओल नव्हती. सगळे सांधे कोरडे पुसले आणि बॉयलर चालू करायला लावला. दाब जेमतेम दीड पीएसआय, म्हणजे चौरस इंचाला दीड पौंड. छोटा आरसा एकेका सांध्याजवळ धरत गेलो. रेडिएटरच्या सेक्शनांच्या (एकमेकांना जोडलेल्या उभ्या भागांच्या) मध्ये तो स्वच्छ राहिला, व्हॉल्व्ह रेडिएटरला जोडणाऱ्या युनियन नटाशी मात्र लगेच धुरकटला. तिथलं पाणी पाइपावरून ओघळत फरशीच्या भोकातून खाली जात होतं.

रेडिएटर निवल्यावर नट उघडला. पितळी तोंडावर नखाला लागेल अशी चरी. हा सांधा धातूला धातू टेकूनच बंद होतो, तिथे टेप किंवा पेस्ट काही कामाची नाही. म्हणजे व्हॉल्व्ह बदलायचा, आणि त्याच्याबरोबर स्पडही, म्हणजे रेडिएटरमध्ये आट्यांनी बसवलेला, व्हॉल्व्ह ज्याला जोडतात तो आखूड पितळी तुकडा. जुन्या स्पडवर नवा व्हॉल्व्ह चढवणं ही हमखास होणारी चूक: दोघांची तोंडं जुळत नाहीत आणि गळती परत येते.

स्पड रेंच लावला तर तो ज्यांना पकडतो ते स्पडच्या आतले कानच तुटले. मग हॅकसॉचं नुसतं पातं आत घालून एकमेकांजवळ दोन छेद घेतले. इथे घाई नको. कीस पिवळा पडतोय तोवर पितळ कापलं जातंय. करडा दिसला की बिडाचे आटे लागले, थांबायचं. छेदांमधली पट्टी छिन्नीने आत वाकवली, तसा उरलेला स्पड ढिला होऊन फिरला. आटे ब्रशने साफ केले, नव्या स्पडच्या आट्यांवर टेप आणि वर पेस्ट लावली.

युनियन जोडण्याआधी रेडिएटरवर लेव्हल (पाणसळ) ठेवली आणि खरं कारण दिसलं. लांबच्या टोकाचे पाय फरशीत रुतल्यामुळे ढाळ उलटा झाला होता. इथे वाफ येते त्याच पाइपाने पाणी परत जातं, म्हणून ढाळ व्हॉल्व्हकडेच हवा. साचलेल्या पाण्यावर वाफ आदळून ठणठण ठोके बसत होते, त्यांनीच सांधा हलवून झिजवला. पायांखाली लोखंडी पट्ट्या सारून लांबचं टोक पाव इंच वर घेतलं, तेव्हा कुठे दोन्ही तोंडं समोरासमोर आली. त्यांवर फक्त तेलाचा थेंब. नट आवळताना व्हॉल्व्हला दुसरा रेंच, नाहीतर खालचा पाइप पिळवटतो.

पुन्हा वाफ सोडली. रेडिएटरमधली हवा बाहेर सोडणारा व्हेंट सुसत राहिला, शेवटचा सेक्शन तापल्यावर बंद झाला. आरसा कोरडा. व्हॉल्व्ह पूर्ण उघडा किंवा पूर्ण बंदच ठेवा, अर्धवट नको, असं घरच्यांना बजावून खाली डाग बघायला गेलो.