फाइली तर आल्या

नेस्ट म्हणजे सर्व्हरचा कोड लिहायचं एक फ्रेमवर्क, आणि त्याचा जनरेटर साच्यातल्या फाइली आपोआप बनवून देतो. टर्मिनलमध्ये 'नेस्ट जी रिसोर्स यूझर्स' टाइप करून एंटर मारला की पुढे जे होतं ते बघायला मला अजूनही मजा येते. आधी विचारतं एपीआय रेस्ट हवंय की ग्राफक्यूएल की अजून काही, मग विचारतं क्रड (नोंद बनवणं, वाचणं, बदलणं, काढणं) पण करून देऊ का, आपण हो म्हणायचं आणि मग क्रिएट क्रिएट करत धडाधड फाइली येतात, मॉड्यूल, कंट्रोलर, सर्व्हिस, डीटीओ (येणाऱ्या डेटाचा साचा), एंटिटी, वर टेस्टच्या फाइली पण. शेवटी अपडेटची एक ओळ, म्हणजे ॲप मॉड्यूलमध्ये इम्पोर्ट पण त्यानेच केलं. हेच हाताने करायचं तर जुनं मॉड्यूल कॉपी-पेस्ट करा आणि मग कुठेतरी जुनं नाव राहतंच.

पण जरा सर्व्हिस उघडून बघा. क्रिएट मेथड काय करते, तर 'धिस ॲक्शन ॲड्स अ न्यू यूझर' एवढं वाक्य रिटर्न करते. डेटाबेसचा पत्ताच नाही! पाटी लागलीय, माल यायचाय. निदान ती सर्व्हिस खोटं तरी बोलत नाही, खोटं बोलते ती टेस्ट. ती फक्त सर्व्हिस डिफाइन्ड आहे का एवढंच बघते आणि पास होते. मग तुम्ही कन्स्ट्रक्टरमध्ये रिपॉझिटरी (डेटाबेसशी बोलणारा भाग) इंजेक्ट केली की तीच टेस्ट लाल, कारण टेस्टच्या मॉड्यूलला ती रिपॉझिटरी कुणी दिलेलीच नसते. मग कुणी मॉक, म्हणजे नकली रिपॉझिटरी, लिहितं, बाकीचे पुढच्या वेळेपासून टेस्टच्या फाइलीच नकोत म्हणून नो-स्पेकचा फ्लॅग लावतात. जँगोवाले (पायथनचं फ्रेमवर्क वापरणारे) हसू नका, तुमच्या टेस्ट्सच्या फाइलीत 'क्रिएट युअर टेस्ट्स हिअर' ही कमेंट अजून तशीच असणार.

खरा घोळ नावाचा. जनरेटर नाव विचारतो आणि ते फोल्डर, क्लास, राउट सगळीकडे पसरवून मोकळा होतो, आणि ऑर्डर म्हणायचं की बुकिंग हे टीममध्ये ठरतं नंतर. म्हणून आधी ड्राय-रन, काहीच लिहिलं जात नाही, नुसती यादी दिसते. रेल्सवाल्यांचं (रुबीचं फ्रेमवर्क) त्यात बरंय, स्कॅफोल्ड, म्हणजे असाच जनरेट केलेला संच, नको झालं तर डिस्ट्रॉय कमांड आहे, फक्त मायग्रेशन (डेटाबेसमध्ये टेबल बनवणारी फाइल) आधीच चालवलं असेल तर फाइल जाते पण टेबल तिथेच राहतं, रोलबॅक आधी करायचा. नेस्टमध्ये फोल्डर हातानेच उडवायचं, आणि ॲप मॉड्यूलमधली ती इम्पोर्टची ओळ पण काढा बरं का, नाहीतर बिल्ड होत नाही.