वाकळ आणि अर्धी सीट

बुधवार, रात्री

तिकीट आरएसीवर आलं एकदाचं. स्लीपरमधली साइड लोअर, दोघांत एक. वेटिंगवरच राहिलं असतं तर आपोआप रद्द झालं असतं. नोकरीचं पत्र आलं तेव्हा हातात नऊच दिवस होते आणि बुकिंग तर 60 दिवस आधीच उघडतं. गोवा एक्स्प्रेसला आयत्या वेळी जागा मिळणं कठीण.

आईला सांगितलं तर तिनं एकच विचारलं, "दुसऱ्या अर्ध्यात कोण बसणार गं?"

ते कुणाला ठाऊक. सकाळी चार्ट लागला की कदाचित पूर्ण बर्थही मिळेल, असं मी म्हणाले. तिचं समाधान झालं नाही. माझंही नाही.

बॅग तीनदा भरली. मी कपडे घडी घालून ठेवायचे, आणि आतून येऊन ती त्याच्यावर काहीतरी ठेवायची: शेंगाची चटणी, कुंद्याचा डबा, खानापूरकडचा तांदूळ. पुण्यात तांदूळ मिळतो, म्हटलं. "मिळतो. खरं हा मिळतो काय?" स्लीपरला 40 किलोपर्यंत सामान चालतं हे मीच बोलून गेले आणि तिनं लगेच वाकळ आणली.

वाकळीवरून भांडण झालं. अर्धी बॅग तीच खाते. मी चिडून बोलले, तिनं गप्पपणे घडी उलगडली आणि परत कपाटात ठेवली. ते मला फार लागलं. तिच्या दोन लुगड्यांची ती वाकळ, टाके आजीचे. स्लीपरला अंथरूण-पांघरूण देत नाहीत आणि पुण्याला गाडी पोचते पहाटे, ऐन थंडीत. ती बरोबरच होती. तासाभरानं मी दोन जीन्स काढल्या आणि वाकळ स्वतःच भरली. ती बघत होती, काही बोलली नाही.

मग तिनं स्टेशनं विचारली. मोबाइलवर गाडी कुठं आहे ते दिसतं, हे तिला माहीत आहे. पण तिला कागदावर हवं होतं. कालनिर्णयच्या जुन्या पानामागं मी लिहायला लागले, तर तीच पुढचं सांगायला लागली. पाच्छापूर, गोकाक रोड, घटप्रभा, रायबाग, कुडची, उगार, शेडबाळ, मग मिरज. तिचं माहेर उगारचं. लग्नाआधी ही वाट ती पॅसेंजरनं कितीदा तरी गेलीय. घटप्रभेला फोन कर, मिरजेला कर, आणि पुण्याला उतरल्यावर उजाडेपर्यंत स्टेशनातून बाहेर पडू नकोस. कबूल केलं.

आत्ता झोपायला जाताना तिनं रुमालाच्या टोकाला पाच रुपयांचं नाणं बांधून दिलं. कुडचीच्या पुढं कृष्णेत टाकायचं.

"रात्र असणार आई. पूल आला ते कळायचं कसं?"

"आवाज बदलतोय की गाडीचा. आणि पुढं मळीचा वास येतोय, सीझन चालू आहे कारखान्याचा. वास आला म्हणजे पूल गेला. त्याच्या आधी टाक."

रुमाल बॅगेत नाही ठेवला. उद्या घालायच्या कुर्त्याच्या खिशात ठेवलाय.