शिंगणापूर फाट्याच्या अलीकडे

वारीत बरडहून निघताना डाव्या टाचेला नुसती चुरचुर होती. धर्मपुरीत सोलापूर जिल्ह्यात शिरलो, पंगतीत पिठलं-भाकरी झाली, आणि उठून चार पावलं टाकली तेव्हा कळलं की आता काही खरं नाही. टाचेवर रुपयाएवढा फोड आला होता. पुणे ते सासवड ही एवढी मोठी मजल, दिवे घाटाची चढण, तेव्हा पायाला काही झालं नाही. झालं ते इथे, सपाटीवर.

पाऊस लोणंदपासून गायब होता. पालखी मार्गाचा ९६५ क्रमांकाचा महामार्ग झाल्यापासून रस्ता रुंद आहे, गुळगुळीत आहे, आणि दुपारी तव्यासारखा तापतो. मी लंगडत दिंडीच्या शेवटच्या ओळीत आले, मग दिंडीच्या मागे पडले, मग मागून आलेली दुसरी दिंडीही मला ओलांडून गेली. प्रत्येक दिंडीचे टाळ जवळ येत, कानठळ्या बसवत आणि पुढे जात. मला त्या टाळांचा राग येत होता. हे लिहिताना जड जातंय, कारण त्यांच्यासाठीच मी घर सोडून आले होते. दिंडीसमोर उलटं चालत मोबाईलवर चित्रण करणाऱ्या पोरांचा राग आला. हॉर्न वाजवणाऱ्या टँकरचाही. पहाटे तीनला पाण्याच्या रांगेत माझ्यापुढे घुसलेल्या बाईचा राग तर सकाळपासून मनात तसाच होता.

मी शाळेच्या पुस्तकांसाठी चित्रं काढते. गेली काही वर्षं सगळं टॅबलेटवर. रेष चुकली की बोटानं पुसायची आणि पुन्हा काढायची. काम वेळेवर होतं, पैसेही मिळतात. पण चित्र काढता काढता जेवायची वेळ टळून जायची, आई तीनदा हाक मारायची आणि मला ऐकू यायचं नाही, तसं कित्येक दिवसांत झालं नव्हतं. अर्धा तास सलग एका गोष्टीकडे बघणं जमेनासं झालं होतं. त्यासाठी इगतपुरीला विपश्यनेचं दहा दिवसांचं शिबिर केलं. पहिले तीन दिवस फक्त आनापान: नाकपुड्यांशी येणारा-जाणारा श्वास, तो जसा आहे तसा बघायचा. तिथे मन थोडं खाली बसलं, हे खरं. घरी आल्यावर चार महिने पहाटे उठून बसले, मग एक दिवस चुकला, मग आठवडा, मग आसनाची घडी कपाटात गेली.

मैत्रिणीच्या दिंडीतून वारीला आले तेव्हा पिशवीत एक जाड कागदाची वही आणि तीन पेन्सिली होत्या. वारी कागदावर उतरवायची, हात पुन्हा चालता करायचा, असं ठरवून आले होते. जेजुरीचा भंडारा काढला. चांदोबाच्या लिंबाचं उभं रिंगण काढलं, अश्व समोरून गेला तेव्हा मान खाली होती, वहीत. एकही पान जिवंत नव्हतं. तरडगावच्या मुक्कामात आमचे विणेकरी बाबा जवळ येऊन थांबले आणि म्हणाले, "ताई, वही मिटा. टाळ घ्या." मला ते लागलं. दोन दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. टाळ मात्र घेतले, आणि ते धरणंही सोपं नव्हतं. घट्ट धरले की आवाज मरतो, सैल सोडले की ठेका सुटतो.

तर, ती दुपार. शिंगणापूर फाट्याच्या अलीकडे रस्त्याखाली एक मोरी आहे. पाण्याची मोरी, पण कोरडी. आत सावली होती आणि सात-आठ जणी पाय पसरून बसल्या होत्या. मी तिथे जाऊन बसले, बूट काढला आणि मोजा सोलताना फोडाची कातडी ओढली गेली. डोळ्यांत पाणी आलं.

"रडायली का माय?"

परभणीकडच्या एक आजी, जिंतूर तालुक्यातल्या. सत्तरीच्या पुढच्या असाव्यात. डोक्यावरचं तुळशीवृंदावन त्यांनी भिंतीशी, आपल्या पिशवीवर नीट टेकवून ठेवलं होतं. मी नाही म्हटलं. त्यांनी माझं ऐकलंच नाही, सरळ माझा पाय उचलून स्वतःच्या मांडीवर घेतला. मी पाय मागे ओढला. धुळीनं भरलेला पाय, आणि त्या माझ्या आईच्या वयाच्या.

"कामून ओढायलीस? माउलीचाच पाय हाय."

कमरेच्या बटव्यातून त्यांनी एक सुई काढली. काडी ओढून तिचं टोक तापवलं. पांढऱ्या दोऱ्याचं टोक ओठांत ओलं करून, पीळ देऊन, पहिल्या खेपेला नेढ्यातून आरपार. त्या वयात, मोरीच्या अंधारात, चष्मा नाही. मला वाटलं, आता टोचणार म्हणून बोलत राहतील, माझं लक्ष दुसरीकडे नेतील. पण त्या एकदम गप्प झाल्या. डाव्या अंगठ्यानं फोडाच्या कडेची कातडी जरा ताणली, सुई आडवी धरली, एका बाजूनं आत घातली आणि दुसऱ्या बाजूनं काढली. दोरा तसाच आत ठेवून दोन्ही बाजूंना बोटभर सोडला. दोऱ्याच्या कडेनं पाणी झिरपायला लागलं. मला काहीच दुखलं नाही. वरून रस्त्यावरून दिंड्या जात होत्या, मोरीचं छत टाळांनी थरथरत होतं, आणि या बाईंच्या चेहऱ्यावर त्यातलं काही नव्हतं. होता फक्त तो फोड.

हळद आणि खोबरेल लावून झाल्यावर त्या पुन्हा बोलक्या झाल्या. म्हणाल्या, दोरा ओढू नको, आपोआप सुटतो. मी विचारलं, सुई कायम जवळ असते का? तेव्हा कळलं की त्या वाकळा शिवतात. पोरीसुनांच्या, गावातल्या बाळंतिणींच्या. यंदा वारीतही एक लहान वाकळ घेऊन निघाल्यात, नातवाच्या पहिल्या लेकरासाठी. पिशवीतून काढून दाखवली. जुन्या लुगड्यांचे तुकडे, एक काठ हिरवा, एक जांभळा, आणि त्यावर बारीक धावदोरा, ओळीमागून ओळ. मुक्कामाला उजेड असेपर्यंत चार ओळी घालायच्या, एवढाच नेम.

"कडंनं सुरू करायचं. गोल गोल आत जात राहायचं. मधी पोचलं की झाली."

"कंटाळा येत नाही?"

त्यांना प्रश्नच कळला नाही. मी पुन्हा विचारला. त्या म्हणाल्या, "टाका घालायले तवा टाकाच असतो की माय." आणि समजावून सांगायच्या नादात त्यांनी दोन टाके घातले, मग चार, मग दहा. माझ्याशी बोलणं राहून गेलं. मी वही काढली.

कलामहाविद्यालयात पहिल्या वर्षी आमच्याकडून एक सराव करून घेत. कागदाकडे बघायचंच नाही, नजर वस्तूच्या कडेवरून मुंगीसारखी सरकवायची आणि पेन्सिल त्याच वेगानं चालू द्यायची. चित्र वेडंवाकडं येतं, येऊ द्यायचं. बावीस वर्षांनी मी ते पुन्हा केलं. त्यांच्या बोटाच्या पेरावरून, सुईच्या टोकावरून, ताणलेल्या दोऱ्यावरून. त्यांची सुई वर आली की माझी पेन्सिल वर, त्यांची खाली गेली की माझी खाली. किती वेळ, मला सांगता येणार नाही. कोणीतरी "चला माउली" म्हणालं आणि मी वर बघितलं तेव्हा ऊन मोरीच्या तोंडातून आत दोन हात आलं होतं. आजी वाकळ घडी करत होत्या. मी नाव विचारलं नाही, चित्रही दाखवलं नाही. तुळस डोक्यावर घेऊन त्या निघाल्या आणि क्षणात गर्दीत मिसळून गेल्या. नंतर वेळापुरात, भंडीशेगावात प्रत्येक तुळसवाल्या बाईकडे मी बघत राहिले. भेटल्या नाहीत.

त्या संध्याकाळी नातेपुत्यात समाज आरतीला, मुक्कामी सगळ्या दिंड्या मिळून करतात त्या आरतीला, आम्ही उभे होतो. हजारो टाळ एकदम चालू. मग चोपदारांनी दंड उंचावला, "हो!" झाली आणि सगळं थांबलं. ही शांतता मी बरडला ऐकली होती, फलटणला ऐकली होती, प्रत्येक वेळी अंगावर काटा आला होता. त्या दिवशी तसा काटा आला नाही. वाटलं, ही मला ओळखीची आहे, दुपारी मोरीत होती. मग एका दिंडीचे टाळ वाजतच राहिले, त्यांची काही तक्रार होती, चोपदार तिकडे गेले. मला पहाटेच्या रांगेतली ती बाई आठवली आणि पुन्हा राग आला. तोही होता.

रात्री आरोग्य पथकाच्या तंबूत टाच दाखवून औषध लावून घेतलं. पुढचे दिवस एकमेकांत मिसळले आहेत. पुरंदावड्याचं गोल रिंगण, खुडूसचं रिंगण, कुठे चहा, कुठे केळी, एका रात्री तंबूत शिरलेलं पाणी. सकाळी टाळ, दुपारच्या विसाव्यात वही. भाकरी थापणारे हात. पखवाजाला कणीक लावणारा हात. हंड्याखाली चुंबळ सारखी करणारे हात. मंदिराचं, अश्वाचं, माउलींच्या रथाचं एकही चित्र नाही. दोरा वेळापूरला सुटला. तो मी त्या मोरीतल्या पानावर चिकटवून ठेवला आहे.

भंडीशेगावात झोप लागेना. बाहेर आले तर विणेकरी बाबा पहाऱ्याला उभे होते, गळ्यात वीणा, डोळे मिटलेले, तार अगदी हलकी वाजत होती. कंदिलाच्या उजेडात मी बसले आणि त्यांचा उजवा हात काढायला घेतला. मध्ये दोनदा झुळूक आली, कुत्रं भुंकलं, ट्रकमध्ये कोणी खोकलं. काकड्याची गडबड सुरू झाली तेव्हा त्यांनी दुसऱ्याच्या गळ्यात वीणा दिली आणि माझ्याजवळ आले. मी वही मिटायला लागले. त्यांनी हात पुढे केला.

ते बराच वेळ बघत राहिले. मग स्वतःचा हात कंदिलाजवळ नेऊन त्यांनी बोटं धरून दाखवली.

"अंगठा दांडीला टेकलेला असतो, ताई. तार तर्जनीनं."

मी तिथेच बसले आणि अंगठा पुन्हा काढायला घेतला.