राजमाचीची सरावाची रात्र

दर वर्षी पाऊस स्थिरावला की मी आणि दादा राजमाची किल्ल्याला जाऊन एक रात्र मुद्दाम उघड्यावर काढतो, अडचणीच्या वेळी लागणाऱ्या वस्तू आणि आमचे हात खरोखर साथ देतात का ते पाहायला. श्रीवर्धन आणि मनरंजन या दोन बालेकिल्ल्यांच्या पायथ्याशी उधेवाडी आहे. गावाच्या कडेला, ज्या घरी आम्ही जेवतो त्यांच्या परवानगीने, त्यांच्याच पडीक जागेत आम्ही ताडपत्री बांधतो. जागा निवडताना एकच विचार केला होता, की वारा आणि पाऊस खरा असावा, पण काही बिनसले तर दहा मिनिटांत कोणाची तरी ओसरी गाठता यावी.

या रात्रींची सुरुवात एका फसलेल्या उतरणीतून झाली. घाटवाटेवर अंधार पडला, धुक्यामुळे चार हातांपलीकडचे दिसेनासे झाले, म्हणून मी पाठपिशवीतून विजेरी काढली, तर ती लागेना. सेल आतल्या आत वाहून गेले होते आणि स्प्रिंगवर पांढरट भुकटी जमली होती. मोबाइलच्या उजेडात पुढे जाण्याऐवजी आम्ही कपारीत बसून उजाडण्याची वाट पाहिली, हा निर्णय योग्यच होता. विजेरी मात्र वर्षभर पिशवीत होती आणि ती आहे एवढ्यावरच मी निश्चिंत राहिले होते. आता सेल वेगळ्या डबीत असतात आणि ते अंधारात, नुसत्या बोटांनी चाचपून घालण्याचा सराव आम्ही दोघेही करतो.

सेलपेक्षाही मला धास्ती वाटते ती बुटांची. अनेक ट्रेकिंगच्या बुटांच्या तळव्यात पॉलियुरेथेनचा थर असतो. हवेतल्या ओलाव्याने तो वर्षानुवर्षे आतून कुजत जातो आणि कपाटात ठेवलेला बूट वरून नवा दिसत असला तरी चालायला लागल्यावर त्याचा तळवा सुटून येतो. लोणावळ्याहून राजमाचीपर्यंतची वाट साधारण पंधरा किलोमीटरची आहे आणि पहिल्याच वर्षी, तिच्या अर्ध्यातच, दादाच्या उजव्या बुटाचा तळवा मगरीच्या जबड्यासारखा उघडला. आम्ही नायलॉनच्या दोरीने तो बांधला; मात्र प्रत्येक ओढ्यानंतर दोरी सैल होई आणि पुन्हा आवळावी लागे. तेव्हापासून दादा मे महिन्यात बूट वाकवून पाहतो आणि पाठीवर पूर्ण वजन घेऊन पर्वतीच्या पायऱ्या चढतो-उतरतो.

विस्तवाचा सराव जंगलात करू नये, तो आम्ही घरच्या गच्चीवर लोखंडी घमेल्यात करतो. पावसात भिजलेले जाड लाकूड उभे चिरले की आतला गाभा बहुधा कोरडा सापडतो; त्याच्या बारीक ढलप्या काढून खाली कापूर ठेवला की जाळ धरतो. एका वर्षी कापराची डबी उघडली तर ती रिकामी होती, कारण झाकण सैल राहिले आणि कापूर उडून गेला. आजी देवघरातल्या कापराच्या डबीत मिरे का टाकून ठेवत असे, ते मला त्या दिवशी आठवले. आता डबी घट्ट फिरकीच्या झाकणाची असते आणि तिच्यात चार मिरेही असतात.

चकचकीत चंदेरी आपत्कालीन ब्लँकेटही आम्ही एकदा मुद्दाम उघडून पाहिले. वाऱ्यात ते फडफडते, काट्याला लागताच फाटते आणि आत घामाचे पाणी साचते. शिवाय, खालून जमिनीत जाणारी अंगाची ऊब ते जवळजवळ अडवत नाही. अंगाखाली चटई किंवा निदान पाठपिशवी घेतल्यावरच पाठ गारठायची थांबली.

गाठी घरी बसून कोणालाही बांधता येतात. रात्री दोनच्या सुमारास, बोटे गारठलेली असताना, ताडपत्रीचा सुटलेला कोपरा पुन्हा बांधताना मला साधी सरकगाठ आठवेना; ती जमली तेव्हा मी दिवाही न लावता ती पाच वेळा सोडून बांधली. मदत मागण्याचा शिट्टीचा संकेतही आम्ही तिथे घोकतो: एका मिनिटात सहा वेळा शिट्टी, मग एक मिनिट शांतता, आणि पुन्हा तेच. शिट्टी खरोखर वाजवायची असल्यास गावात आधी सांगून ठेवतो, नाहीतर लोक धावत येतील. मागच्या वर्षी सांगूनही, आम्ही जेवतो त्या घरच्या मावशी पहाटे कंदील घेऊन आल्याच आणि म्हणाल्या, "झाली ना तुमची शिट्टी वाजवून? चला आता आत, चहा ठेवलाय."

चहा घेताना आम्ही फसलेल्या वस्तू वहीत लिहून काढल्या. त्या वर्षी रेनकोटची खांद्यावरची शिवण गळत होती आणि पाणी शुद्ध करण्याच्या गोळ्यांची मुदत एप्रिलमध्येच संपलेली होती.