टेबलावरची व्हाउचरं

कुठे बोलायला गेले की नंतर चहाच्या वेळी कोणीतरी हमखास विचारतं, ‘ताई, इतकी वर्षं संस्था चालवलीत, त्यातलं आम्हा नोकरदारांना उपयोगी पडेल असं काय शिकलात?’ विचारणाऱ्याला बहुधा त्याग, समाधान असलं काहीतरी ऐकायचं असतं. मी व्हाउचरांवर बोलायला लागते आणि त्याचा विरस होतो. पण तुम्ही विचारलंत म्हणून सांगते.

आमचं काम सातारा जिल्ह्यात, माण तालुक्यात. पाणलोटाचं, म्हणजे पावसाचं पाणी अडवून जिरवण्याचं. गावबैठक रात्रीच घ्यावी लागते, कारण दिवसा माणसं रानात. कार्यकर्ता स्वतःच्या मोटरसायकलवर जातो, पेट्रोल स्वतःच्या खिशातून घालतो आणि महिनाअखेर प्रवासाचं व्हाउचर देतो. सुरुवातीची काही वर्षं ही व्हाउचरं माझ्या टेबलावर पेपरवेटखाली पडून असायची. सहीच तर करायची, करू सवडीने. आधी प्रस्ताव, देणगीदाराची भेट, विश्वस्त बदलल्याचा धर्मादाय आयुक्तांकडचा चेंज रिपोर्ट. मग एक चांगला पोरगा लांबच्या गावांच्या बैठका टाळायला लागला. विचारलं तर गप्प. शेवटी हिशेबनीस काका म्हणाले, ‘त्याचे अडीच हजार अडकलेत तुमच्याकडे. पगार सहा हजार आहे त्याचा.’

तेव्हापासून पाच तारखेच्या आत सह्या. इतकं शिकूनही मोठी चूक करायची राहिली होतीच.

सप्टेंबर २०२० मध्ये परदेशी देणग्यांचा कायदा, म्हणजे एफसीआरए, बदलला. तोवर मोठ्या संस्था बाहेरून निधी आणायच्या आणि आमच्यासारख्या नोंदणी असलेल्या छोट्या संस्थांना त्यातला वाटा द्यायच्या. आता तसा पैसा एकीने दुसरीला द्यायचाच नाही, असं ठरलं. प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली. परदेशी निधीचं खातं दिल्लीला, संसद मार्गावरच्या स्टेट बँकेत उघडणं सक्तीचं झालं. तालुक्याच्या गावी, दहिवडीत बसून दिल्लीचं खातं उघडण्याची कथा पुन्हा कधीतरी. आमचा निम्म्याहून जास्त निधी मोठ्या संस्थांकडून, त्या एका वाटेने यायचा.

मी हे विश्वस्त आणि काका सोडून कोणालाच सांगितलं नाही. माणसं घाबरतील, तोवर दुसरीकडून काहीतरी जमेल, अशी स्वतःची समजूत घातली. सोमवारच्या बैठकीत ‘सगळं ठीक आहे’ म्हणत राहिले.

जानेवारीत म्हसवडहून परतताना ड्रायव्हरने आरशात न बघताच विचारलं, ‘ताई, पैसं सपलं का आपलं?’

‘कोण म्हणालं?’

‘कोण कशाला म्हणंल? आधी टाकी फुल करायचो. दोन म्हयनं झालं, पाश्शेचं टाकतोय. आन् फोन आला की तुमी गाडीतनं उतरून बोलताय.’

मग ऑफिसातले अंदाज कळत गेले. संस्था मार्चला बंद होणार. ताई पुण्याला मुलाकडे जाणार. जागेला गिऱ्हाईक आलंय. यातलं एकही खरं नव्हतं, आणि खरं होतं ते यापेक्षा पुष्कळ बरं होतं.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर आकडे लिहिले. खात्यात किती, महिन्याला लागतात किती, कधीपर्यंत पुरतील. कोणी रडलं नाही, ओरडलं नाही. पगारकपातीचा विषय निघाला तेव्हा बचत गटाचं काम बघणारी आमची बाई म्हणाली, ‘गावाला आपण काय सांगतो? माथा ते पायथा. मग कात्रीबी माथ्याकडनंच लावा.’ डोंगरावर समतल चर न खणता आधी खाली ओढ्यात बंधारा घातला, तर तो गाळाने भरून जातो, हे आम्ही शंभर बैठकांत सांगितलेलं. माझा पगार सहा महिने बंद झाला, समन्वयकांचा निम्म्यावर आला, ड्रायव्हर आणि झाडलोट करणाऱ्या मावशींच्या पगाराला हात लावला नाही.

तरी दोघं सोडून गेले. त्यातला एक आमचा सगळ्यात तयार माणूस. महिनाभर थांबून, नकाशे आणि नोंदवह्या नीट हवाली करून गेला. जाताना एवढंच म्हणाला, ‘ऑक्टोबरात सांगितलं असतंत तर एक नोकरी हातची गेली नसती.’ संस्थेवर निष्ठा म्हणून त्याने दिवाळीत ती नाकारली होती. त्याला द्यायला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही.

‘आमच्या कंपनीत आकडे असे फळ्यावर लिहिता येत नाहीत,’ असं लोक म्हणतात. नसतील येत. पण तुमच्याकडेही कोणीतरी डिझेल भरतंच.

परवा एका कंपनीच्या मॅनेजरबाईंनी हे सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘मग मी उद्या ऑफिसला गेल्यावर नेमकं काय करू?’ मी म्हटलं, टेबलावर कोणाची व्हाउचरं पडलीत ते बघा. त्या हसल्या, ‘आमच्याकडे कागद नसतो हो, सगळं ॲपवर.’ मग फोन काढून बघितला. सतरा बिलं त्यांच्या मंजुरीसाठी थांबली होती, सगळ्यात जुनं दिवाळीच्या आधीचं. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि तिथेच उभ्या उभ्या एकेक उघडायला लागल्या.