1986 ची बाटली आणि काढणीतला पाऊस

गुरुवारी दुपारची जेवणं आटपत आली होती तेव्हा एक आजोबा रेस्टॉरंटमध्ये आले. वर्तमानपत्रात गुंडाळलेली बाटली त्यांनी दोन्ही हातांवर आडवी धरली होती, तळघरात जशी पडून होती तशीच, न हलवता. तेवढ्यावरूनच मी ओळखलं, या माणसाने जन्मभर वाइन हाताळली आहे.

मी फ्रान्समधल्या बोर्दो शहरात सोमेलिए आहे. पाहुण्यांसाठी वाइन निवडणं, उघडणं, वाढणं आणि जेवणाशी तिची जोडी जमवणं हे माझं काम. माहेर निफाड तालुक्यातलं, घरची द्राक्षबाग.

बाटली बोर्दोच्या उत्तरेकडच्या सँ-ज्युलियँ गावच्या लाल वाइनची, 1986 ची. शनिवारी त्यांच्या लग्नाचा वाढदिवस होता, जेवायला सहा माणसं. मेनू मुलाने फोनवर आधीच ठरवला होता: मिरी-मोहरीचा जाड थर लावून भाजलेलं कोकरू, मग रोकफोर हे खारट निळं चीज, शेवटी काळ्या चॉकलेटचा केक. यादी वाचून मी अस्वस्थ झाले.

बाटली तळघरात उभी करून ठेवली. लाल वाइनमधलं टॅनिन म्हणजे तोच तुरटपणा, जो कच्च्या जांभळाने जिभेला जाणवतो. वर्षानुवर्षं त्याचे कण एकमेकांना चिकटत जड होतात आणि रंगासकट तळाशी बसतात. हा साका. बाटली आडवी असेल तर तो कडेला धरतो, म्हणून उघडण्याआधी तिला दोन दिवस उभं ठेवायचं. साका बसतो तशी वाइन मऊ होते, पण तिचा जोरही ओसरलेला असतो. तरुण बोर्दो वाइनला मिरी, मोहरी, करपवलेलं मांस, सगळं झेपतं. तिचं टॅनिन मांसातल्या प्रथिनांना धरतं आणि घास नि घोट दोन्ही सौम्य लागतात. चाळिशीच्या घरात पोचलेल्या बाटलीपुढे तोच मसाला ठेवला तर तोंडात फक्त मसाला उरतो. रोकफोरच्या खारटपणापुढे तर ती दिसेनाशीच होते.

हे शेफना सांगणं जड गेलं, कारण तो मिरी-मोहरीचा थर त्यांच्या हातचा गाजलेला पदार्थ. मी म्हटलं, “शेफ, बाटली 750 मिलिलिटरची. साका सोडला तर माणशी जेमतेम 110 मिलिलिटर येणार. म्हणजे ही वाइन एकाच पदार्थासोबत पुरेल. तेवढा एक पदार्थ तिच्या कलाने करू या.” ते काही बोलले नाहीत. संध्याकाळी त्यांनी स्वतःच मुलाला फोन केला.

ठरलं ते असं: पोयाक भागातलं दुधावर वाढलेलं कोकरू, त्याला फक्त मीठ आणि थाइम, वर त्याच्याच अंगचा रस. सोबत सेप मशरूम, किंचित लसूण आणि पार्सली घालून परतलेले. ऑक्टोबर म्हणजे सेपचा हंगाम, आणि जुन्या बोर्दोला जो ओल्या पाचोळ्याचा वास येतो त्याचं या मशरूमशी जवळचं नातं आहे. कोकरू शेफनी द्राक्षवेलीच्या सुक्या काड्यांच्या निखाऱ्यावर भाजायचं ठरवलं. आमच्याकडे छाटणीच्या काड्या बांधावर पडतात. इथे हिवाळी छाटणीनंतर त्यांच्या मोळ्या बांधून जपतात. पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा मला फार आनंद झाला होता.

शनिवारी रात्री बाटली घेतली. बूच भिजून मऊ झालेलं. स्क्रू घातला असता तर भुगाच झाला असता, म्हणून दोन पात्यांचा चिमटा डोलवत डोलवत कडेने सरकवला आणि पिळत वर ओढला. बूच निघालं. वास घेतला आणि माझ्या पोटात धस्स झालं. वर्षभर बंद असलेल्या कपाटाचा, ओल्या पोत्याचा वास.

बुचातून टीसीए नावाचं रसायन वाइनमध्ये उतरलं की असाच ओल्या पुठ्ठ्याचा वास येतो, आणि तो कितीही थांबलं तरी जात नाही. पण अनेक वर्षं कोंडलेली वाइनही उघडल्याबरोबर अशीच कुबट लागू शकते, आणि तो वास हवेने उडून जातो. पहिल्या मिनिटाला या दोन्हींत फरक करणं मला जमत नाही. आजोबांसमोर ग्लास ठेवला आणि खरं ते सांगितलं.

त्यांनी ग्लास नाकाशी नेला. “थांबू या,” एवढंच म्हणाले.

मेणबत्तीच्या उजेडात बाटलीच्या मानेकडे बघत मी वाइन हळूहळू डिकँटरमध्ये, म्हणजे काचेच्या सुरईत, ओतली. साक्याची काळी रेघ खांद्यापाशी आली तशी थांबले. एरवी इतकी जुनी वाइन मी अगदी वाढायच्या क्षणी ओतते, कारण तिचा सुगंध फार टिकत नाही. त्या रात्री हवेवाचून दुसरा उपाय नव्हता.

वाट बघताना आजोबा बोलले. 1986 साली ते मेडॉकमध्ये, बोर्दोच्या उत्तरेकडच्या द्राक्षपट्ट्यात, काढणीला होते. सप्टेंबरच्या अखेरीस वादळी पाऊस आला आणि बोर्दो शहराजवळच्या बागांना त्याने झोडपलं. उत्तरेला तो कमी पडला. मेर्लो जातीची द्राक्षं लवकर पिकतात, कॅबर्ने सोविन्याँ जातीची उशिरा. पावसानंतर उघडीप मिळाली आणि उशिराची कॅबर्ने चांगली भरली. “एकच जात लावली असती तर पावसाची भीती जास्त होती, मादाम. मिश्रण आम्ही चवीसाठी करतो, आणि पावसासाठीही.”

काढणीतल्या पावसाची भीती मला कुणी समजावून सांगायला नको. ढग आले की आमच्या घरी कुणी जेवायचं नाही.

वीस मिनिटांनी पुन्हा वास घेतला. पोतं गेलं होतं. शाळेत पेन्सिलला टोक करताना येतो तो लाकडाचा वास, मागे तंबाखूच्या चंचीचा, आणि त्याखाली सुकत चाललेलं काळं फळ. ग्लासच्या कडेला विटेचा रंग. मी तिथेच म्हणाले, “मस्यू, तुमची वाइन ठीक आहे.” आजींनी त्यांच्या हातावर हात ठेवला.

कोकरू आलं. घास नि घोट, कुणी कुणावर चढलं नाही. सेपचा तुकडा आणि त्यावर वाइन असं ज्याने एकदा खाल्लं, तो दुसऱ्या वेळी मुद्दाम तसंच खात होता. चीज म्हणून जुनं मिमोलेत दिलं. डच पद्धतीचं घट्ट चीज लाल बोर्दोसोबत इथे आवडीने खातात, आणि मेडॉकची दलदल 17व्या शतकात उपसली तीही डच अभियंत्यांच्याच हातून. केक आला तेव्हा डिकँटर रिकामा होता, ते एक बरंच झालं.

सकाळी निफाडला फोन लावला. दादा बागेत होते, फळछाटणी चालू होती. सगळं ऐकून घेतलं आणि त्यांनी एवढंच विचारलं, “पावसानंतर ऊन किती दिवस होतं?”